खळताईचं मत

वाचनालयाच्या मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवणाऱ्या बाईला सगळे खळताई म्हणत, कारण तिच्या बोटांना बारा महिने खळ चिकटलेली असे. खळ लावलेलं पुस्तक वजनाखाली दाबून ठेवावं लागतं, आणि ते सुकेपर्यंत दुसरं वाचून होतं. असं करत तीस वर्षांत तिने किती वाचलं याला गणती नाही. दर महिन्याला ती आपली मतं एका कागदावर लिहून दाराजवळच्या फळ्यावर लावायची, आणि सभासद वर्तमानपत्र बाजूला ठेवून आधी तो कागद वाचायचे.

बोलताना ती मऊ, पण कागदावर जीभ तिखट. "कादंबरी," तिने एकदा लिहिलं, "नायक खिडकीशी बसून विचार करतो. एकशे ऐंशी पानं झाली तरी कुणी खिडकी उघडली नाही." विधवेवरच्या एका गाजलेल्या कादंबरीबद्दल लिहिलं, "बाई तीनशे पानं रडते, पण लेखकाने तिला एकदाही भूक लागू दिलेली नाही. त्याच्या घरातलं अजून कुणी गेलेलं दिसत नाही." कोसळलेल्या पुलांवर एका इंजिनियरने लिहिलेलं पुस्तक मात्र तिने डोक्यावर घेतलं. "कुठला पूल कुणाच्या चुकीने पडला ते हा माणूस नावानिशी सांगतो, आणि एका ठिकाणी स्वतःचंही नाव घेतो. जरूर वाचा." लोक वाहवा करतात म्हणून आपणही करावी, हे तिला कधी जमलं नाही. शिवाय तिच्याकडे पुरावा असायचा. पहिली चाळीस पानं मळकी आणि पुढची कोरी करकरीत असली, की वाचकांनी कुठे हात टेकले ते तिला टेबलावरच दिसायचं.

मग तिच्या धाकट्या भावाचं पुस्तक आलं. भाऊ दूरच्या शहरात प्राध्यापक, आणि पुस्तक बालपणाच्या आठवणींचं. ग्रंथपालांनी नवी प्रत स्वतः आणून तिच्या टेबलावर ठेवली.

"या महिन्याला हेच ना, खळताई? आता बघू, घरच्या माणसाचीही बिनपाण्याने करता का!"

ते हसले, तीही हसली. पुस्तक पिशवीत टाकून ती घरी घेऊन गेली.

आई ऐंशीच्या पुढची. संध्याकाळी कामावरून आली की ती आईला पुस्तक वाचून दाखवायची. आईचे डोळे गेलेत, असं शेजारी समजत. खरं वेगळंच होतं. आईला अक्षरओळखच नव्हती, आणि ही गोष्ट जगात फक्त या दोघींना ठाऊक होती. वडील गेल्यापासून घरात आलेलं प्रत्येक पत्र, प्रत्येक नोटीस थोरलीनेच दार लावून आईला वाचून दाखवली होती.

पहिल्या दोन संध्याकाळी आई मान डोलावत ऐकत होती. वडिलांच्या आजारपणापाशी तिने डोळे पुसले. तिसऱ्या दिवशी एकशे सतरावं पान आलं. "आई रोज मला मांडीवर घेऊन वाचून दाखवायची," भावाने लिहिलं होतं. "आज माझ्यापाशी जे आहे, ते त्या वाचनातून आलं आहे."

वाचता वाचता खळताई थांबली. ते वाचन तिने रोज पाहिलं होतं. हाताला लागेल ते पुस्तक, बहुतेकदा शिलाई मशीनबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक, आई उघडायची, ओळींवरून बोट फिरवायची आणि मनातली गोष्ट सांगायची. वेळ बघून पानही उलटायची. पोराला पुस्तकाची गोडी लागावी एवढंच तिच्या मनात होतं. तो स्वतः अक्षरं लावायला लागला त्या दिवशी आई म्हणाली, "आता तू वाच," आणि पुस्तक त्याच्या हातात देऊन मोकळी झाली.

"पुढे वाच," आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

पुढे थोरल्या बहिणीबद्दल चार ओळी होत्या. बहीण घरकामात असे, अबोल होती, तिचे हात फार चपळ होते. अडीचशे पानांत एवढंच. खळताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंधराव्या वर्षी शाळा सोडून ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात लागली, ती याची शाळा सुटू नये म्हणून. तिने पुस्तक मिटलं आणि चूल पेटवायला उठली.

महिना संपत आला तरी कागद कोराच. वाईट लिहिलं तर ते मत वाचकाचं की बहिणीचं, हे तिचं तिलाच कळेना. चांगलं लिहिलं तर मनाला पटेना. आणि एकशे सतरावं पान खोटं आहे असं लिहावं, तर आईची जन्मभर झाकलेली मूठ चव्हाट्यावर उघडायची. तीस वर्षांत तिचं पेन असं कधी अडलं नव्हतं.

"काय लिहिलंस गं?" आईने विचारलं.

"काही नाही. या महिन्याला राहू दे."

"तुझ्या कागदावर आजवर खोटं आलंय?"

"नाही."

"मग माझ्यापायी गप्प बसू नकोस. घे पेन. माझं मत लिही."

"आई, अख्खा गाव वाचेल."

"वाचू दे की! नाहीतर लावतेस कशाला?"

आई सांगत गेली, ती लिहीत गेली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर कागद लागला:

"मी लेखकाची आई. मला वाचता येत नाही, लेकीने वाचून दाखवलं. पान एकशे सतरावर मुलाने लिहिलंय की मी त्याला वाचून दाखवायचे. ते खरं नाही. मी पुस्तक धरून मनचं सांगायचे. त्याला हे ठाऊक नव्हतं, म्हणून चूक त्याची नाही, माझी आहे. आमच्या घरात वाचता येणारी एकच होती, थोरली. तिच्याबद्दल पुस्तकात कमी आलंय. बाकी पुस्तक चांगलं आहे."

त्या दिवशी फळ्यापुढे कुणी थट्टा केली नाही. ग्रंथपालांनी कागद दोनदा वाचला आणि मागच्या खोलीत न येता आपल्या जागेवर जाऊन बसले. कुणीतरी कागदाचा फोटो काढून भावाला पाठवला असावा. रविवारी सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, आईला खरंच वाचता येत नाही?"

"नाही."

"मला कसं कळलं नाही गं?"

"तुला कळू नये म्हणूनच तर ती झटत होती."

"ते पान काढून टाकतो."

"काढलंस तर याद राख! सगळ्या पुस्तकात तेच पान जिवंत आहे. बाकी पुस्तकभर तू लिहितोयस, त्या पानावर तू ऐकतोयस. खाली एक टीप दे हवी तर, पण पान ठेव."

"आणि तुझं? आई म्हणते तुझ्याबद्दल कमी आलंय. खरंच आहे. नवी आवृत्ती निघेल तेव्हा तुझ्यावर एक अख्खं प्रकरण लिहितो."

आयुष्यात तिने या भावाकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे कसं मागायचं हेही तिला ठाऊक नव्हतं.

"प्रकरण नको रे," ती म्हणाली. "एक चूक राहिलीय, तेवढी सुधार. मी घरकामात नव्हते. मी कामाला जात होते."