कुंभिवलीचा अलार्म

शनिवारी सकाळी दाराची बेल वाजायची. हातातलं काम टाकून दार उघडावं, तर समोर कोणी नाही. जिन्याच्या वळणावर एक पाठ खाली उतरताना दिसायची आणि आवाज यायचा, "टेस्टिंग. चालू हाय."

असा शेजारी तुम्हाला लाभला असेल तरच माझा संताप तुम्हाला कळेल. मी रसायनीतल्या एका कारखान्याचं कॅन्टीन सांभाळून रिटायर झालेला माणूस. जन्मभर पहिल्या पाळीचा चहा उकळला. आता निदान शनिवारी तरी लोळत पडावं, तर हे महाशय मोहोपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगची एकेक बेल दाबत खाली येणार. एकदा मी तावातावाने म्हटलं, "दादा, माझी बेल बिघडली तर मी बघीन ना. तुम्हाला काय पडलंय?"

ते शांतपणे म्हणाले, "तुला कसं कळंल, कॅन्टीन? बिघडलेली बेल सांगाया येते व्हय?"

मी चहा टाकला.

माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही, कायम 'कॅन्टीन'. ते आमच्याच कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खात्यात होते. टाकी भरून वाहायला लागली, कुठे दाब वाढला, गॅस सुटला, की कंट्रोल रूममध्ये भोंगा वाजतो. असे सगळे भोंगे त्यांच्या ताब्यात. मूळचे कळंबकडचे, घरी भातशेती. बोलणं शेवटपर्यंत बांधावरचं राहिलं आणि ते त्यांनी साहेबासमोरही बदललं नाही. दर आठवड्याला प्रत्येक भोंगा मुद्दाम वाजवून बघायचा, हा त्यांचा नेम. नव्याने लागलेल्या प्रत्येकाला ते एकच वाक्य शिकवायचे, "वाजलं तर बघायचं. नाय वाजलं तर आधी बघायचं."

आमच्या कॅन्टीनमध्ये गॅसगळतीचा भोंगा होता. माझा भज्यांचा घाणा कढईत असताना त्यांनी तो वाजवला. अख्खी पाळी हातात ताटल्या घेऊन मैदानात पळाली आणि नियम म्हणून मलाही पळावं लागलं. परत येऊन बघतो तर भज्यांचा कोळसा. मी भांडायला गेलो तर म्हणतात, "भजी परत व्हतील. माणसं पळाली का नाय, ते सांग." माणसं पळाली होती. तो राग मी त्यांच्यावर बरीच वर्षं जपून ठेवला.

भोंगा दोन प्रकारांनी मरतो, असं त्यांचं मत होतं. एक म्हणजे वायर तुटली तर. दुसरं म्हणजे सारखा खोटा वाजला तर. "मग लोकच त्याला बायपास करत्यात. म्हंजे भोंगा भिंतीवर, पण आवाज बंद. त्याच्यावानी वाईट काय नाय." कारखान्यात भोंगा बायपास करायचा तर त्यांची सही लागे, आणि ती सही सहजासहजी मिळत नसे.

रिटायर झाल्यावर त्यांना भोंगे उरले नाहीत. मग ते घराघरांतल्या वस्तूंच्या मागे लागले. आमच्या चौथ्या मजल्यावर कोणी कॅमेऱ्याची बेल बसवली. बाहेरचा माणूस म्हणे मोबाइलवर दिसतो. दिवाळीत नेमकं इंटरनेट गेलं आणि त्या घरचे व्याही मिठाईचा पुडा घेऊन जिन्यात ताटकळले. दादांनी व्याह्यांना स्वतःच्या घरी बसवलं, पाणी दिलं, आणि वर त्या दाराची कडी वाजवून सांगून आले, "पावणं खाली हायती. बेल अपडेट होतीय." टीव्ही अपडेट व्हायचा, फोन अपडेट व्हायचा, एकदा कोणाचं तरी कपड्यांचं मशीन कपडे आत कोंडून अपडेट होत बसलं. ते विचारायचे, "आमचा भोंगा कधी म्हनला का रं, आग लागलीय पण जरा थांबा?"

आणि अशा माणसाच्या दारात इंटरनेटला जोडलेली, सिमकार्ड असलेली गाडी होती. आता तुम्ही म्हणाल, ती त्यांनी कशी घेतली. त्यांनी घेतली नव्हती. मुलाने घेऊन दिली होती.

मुलगा एकुलता एक, जर्मनीत सॉफ्टवेअरमध्ये. वहिनी गेल्या तेव्हा तो आला, चार दिवस घरात नुसता फेऱ्या मारत राहिला, आणि जाण्याआधी ही गाडी दारात उभी करून गेला. गाडी कुठे आहे, दारं बंद आहेत का, बॅटरी किती, सगळं तिकडे त्याच्या मोबाइलवर दिसायचं. त्याने नकाशावर घराभोवती एक गोल काढून ठेवला होता. त्याच्या आबांना, म्हणजे आमच्या दादांना, ब्लडप्रेशर, त्यांनी हायवेला लांब जाऊ नये. गाडी गोलाबाहेर गेली की त्याच्या फोनवर अलार्म वाजणार. हद्द संपत होती कुंभिवलीच्या जरा अलीकडे.

हे आम्हाला कळलं ते असं. गाडीचं चाक एका बाजूला ओढत होतं, म्हणून आम्ही दोघं दांड फाट्यावरून चौक, खालापूर करत कुंभिवलीच्या एका गॅरेजला गेलो. उतरतोय तोच फोन.

"आबा, कुठे आहात?"

त्या दिवशी त्यांचा चेहरा मी बघितला. वहिनी गेल्यानंतर पहिल्यांदाच तो चेहरा उजळला होता. मुलगा चिडला होता, हायवेवर कशाला गेलात म्हणून ओरडत होता, आणि हे हसत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "वाजलं बघ. लगेच वाजलं."

पुढच्या शनिवारी बिल्डिंगच्या बेला झाल्यावर त्यांनी माझ्या दारात किल्ली हलवली. "चल कॅन्टीन, वडापाव खायाला." मोहोपाड्यात वडापाव मिळत नाही असं नाही. पण मी गेलो.

कुंभिवलीच्या अलीकडे हद्द ओलांडली की ते गाडी कडेला घेत, फोन समोर काचेला टेकवून उभा करत आणि काचा वर घेत. गाडीत असल्याचा कसलाच आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून एसीसुद्धा बंद. आतमध्ये घामाच्या धारा, मी वडापाव तोंडात धरून गप्प. फोन वाजायचा.

"आबा, कुठे आहात? गाडी हायवेवर दाखवतेय."

"मी? घरीच हाय की. गॅलरीत. गाडी खाली उभी हाय."

मी डोळे मोठे केले की ते मला हाताने गप्प करत. मुलगा म्हणायचा, मग जीपीएस चुकतंय, सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी गडबड आहे. आणि एकदा बिघाड म्हटलं की तो बिघाड शोधायला बसायचा. गाडीत कुठला दिवा लागलाय, मागच्या वेळी पाऊस होता का, गाडी कधी चालू केली होती. त्यातूनच मग गोळी घेतली का, जेवलात काय, पोळीवाल्या मावशी येतात का. दर शनिवारीच कसं चुकतं, असं त्याला एकदा वाटलं होतं. मग त्यानेच उत्तर शोधलं, शनिवारी कंपनीचं मेंटेनन्स चालत असेल. आपले आबा खोटं बोलत नाहीत, हे त्याला लहानपणापासून माहीत. म्हणून मग गाडी खोटी ठरली.

मला हे पटत नव्हतं. परत येताना मी वैतागून म्हटलं, "दादा, हे काय सोंग आहे? बोलावंसं वाटतं तर सरळ फोन करा ना त्याला."

चौक मागे पडलं. मग म्हणाले, "मी फोन केला का तो म्हनतो, बोला आबा, काय काम होतं. काम काय सांगू? त्यानं केला का म्हनतो, कुठे आहात." आणि थोड्या वेळाने, "आता घरात कोन विचारतं रं, कुठं हायेस म्हनून."

माझ्या घरी बायको आहे, ती दिवसातून दहादा विचारते आणि मी दहादा करवादतो.

तरी मी एकदा बोललोच. "तुम्हीच शिकवलंत, खोटा भोंगा सारखा वाजला की लोक बायपास करतात. तुम्ही खऱ्याचा खोटा करताय." ते म्हणाले, "कळतंय रं." एवढंच. माणसाला कळतं सगळं, पण भूक लागल्यावर कोण पथ्य पाळतं?

आणि तो शनिवार आला. हद्द ओलांडली, काचा वर, फोन समोर. वाजला नाही. आम्ही थांबलो. वडापाव गार झाला. मग त्यांच्यातला जुना कारागीर जागा झाला. मला म्हणाले, तुझ्या फोनवरून मला लाव. लावला, वाजला. म्हणजे फोन ठीक. रेंज बघितली, ठीक. गाडी बंद करून चालू केली. शेवटी गाडीतलं मदतीचं बटण दाबलं. कंपनीची एक मुलगी फार गोड आवाजात हिंदीत बोलली. हद्दीचा अलार्म ग्राहकाच्या विनंतीवरून बंद केला आहे, आणखी काही सेवा हवी आहे का?

"नको बाई," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघायला धजत नव्हतो. त्यांनी काचा खाली केल्या, फोन खिशात ठेवला. "बायपास केलं," म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं.

त्यानंतरही ते शनिवारी कुंभिवलीला जात राहिले. "येखाद्या दिवशी पोरगं चालू करंल परत. आपून टेस्टिंग सोडायचं नाय." मी बरोबर असायचो. मुलाचे फोन बंद झाले असं नाही. सणावाराला यायचे, महिन्याकाठी यायचे. पण ते आगाऊ ठरवून केलेले फोन. कडेला थांबून आम्ही वडापाव खायचो, फोन समोर उभा असायचा. कधी गाणं म्हणावं तसं ते पुटपुटायचे, "नाय वाजलं तर आधी बघायचं."

मग एका शनिवारी माझ्या दाराची बेल वाजली नाही.

मी अंथरुणात जागाच होतो. आधी वाटलं, वरच्या मजल्यावर रेंगाळले असतील. मग वाटलं, बेल बिघडली असेल. बायकोला म्हटलं, जरा बाहेरून दाबून बघ. तिने दाबली, ती वाजली. मी चपला न घालताच जिना चढलो. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. ते पलंगावर होते, अंगावर नीट पांघरूण, उशाशी फोन चार्जिंगला लावलेला. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नाही. डॉक्टर नेहमी असं म्हणतात. दादांचा चेहरा मात्र खरंच शांत होता.

मुलगा आला. दिवस उरकले. जायच्या आदल्या संध्याकाळी तो खाली गाडीत एकटाच बसला होता, मी शेजारी जाऊन बसलो. म्हणाला, "काका, त्या दिवशी उठल्या उठल्या मी ॲप बघितलं होतं. गाडी जागेवर, दारं बंद, बॅटरी फुल. सगळं हिरवं होतं." आणि थोड्या वेळाने, "भिकार सॉफ्टवेअर. दर शनिवारी खोटा अलार्म. कितीदा तक्रार केली, शेवटी बंदच करून टाकला. तेवढ्या निमित्ताने तरी बोलणं व्हायचं आमचं."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ज्याचा बाप तेरा दिवसांपूर्वी गेलाय, त्याला काय सांगायचं? मी त्याचा खांदा थोपटला आणि वर जेवायला घेऊन गेलो.

गाडी त्याने विकली नाही. किल्ली माझ्याकडे देऊन गेला. काका, आठवड्यातून एकदा चालू करा, नाहीतर बॅटरी उतरेल. मी कॅन्टीनचा टेंपो चालवलेला माणूस, मला काय अवघड. सुरुवातीला बिल्डिंगभोवती फिरवून आणायचो. पण शनिवार सकाळ मला खायला उठायची. बेल वाजत नाही, कोणी किल्ली हलवत नाही. एका शनिवारी मी गाडी काढली आणि दांड फाट्याकडे वळवली.

कुंभिवलीच्या अलीकडे नेहमीच्या जागी थांबलो. वडापाव घेतला. खिशात टोचत होता म्हणून फोन काढून समोर काचेला टेकवला. मी कशाची वाट बघत नव्हतो. सवयीने काचा मात्र वर घेतल्या.

आणि फोन वाजला.

"काका, सॉरी हं, उगाच त्रास देतोय. मी तो अलार्म परत चालू केला होता. का केला, माहीत नाही. गाडी हायवेवर दाखवतेय. खोटाच असेल, पूर्वीसारखा."

बाहेरून एक टँकर गेला. मी काच खाली केली, त्याला आवाज ऐकू जाऊ दिला.

"खोटा नाही रे. मी कुंभिवलीत उभा आहे. गाडीतच."

सॉफ्टवेअरचा माणूस, हिशेब लावायला त्याला वेळ लागला नाही.

"मग पूर्वीचे, काका?"

"तेही खरेच होते."

मग अगदी लहान मुलासारखा आवाज आला.

"तिथे येऊन ते काय करायचे?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "तुझ्या फोनची वाट बघायचे."