वनिताकाकूंचं हिरवं आतडं

आमच्या ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत, प्रत्येक गॉज मोजून आत जातो आणि मोजून बाहेर येतो. किस्से मात्र कोणी मोजत नाही, ते साठतच जातात! रत्नागिरीत आमच्याकडे ऑपरेशनचा रोबो आल्यापासून तर विचारूच नका. मी भूलतज्ज्ञ. पेशंटच्या उशाशी बसायचं काम, त्यामुळे सगळं ऐकू येतं. आणि मला गप्प बसवत नाही.

*

पावस गावचे एक आंबा बागायतदार काका. आतड्यातली गाठ काढायची होती. टेबलावर झोपवलं तर मान वळवून बघतात, तो आमचे सर्जन खेर सर लांब कोपऱ्यात, रोबो चालवायच्या कन्सोलसमोर बसलेले.

"डाक्टर तकडं आनि मी हकडं?"

मी समजावलं, "काका, रोबो मनाने काही करत नाही. सर तिथून जसे हात हलवतात, तसेच याचे हलतात."

"म्हंजे कलमावर गडी चढवायचा नि आपन खाली खुर्ची टाकून बोंबलायचा!"

खेर सर एरवी तोंड उघडत नाहीत, पण त्या दिवशी खुर्चीत मागे रेलून हसले. तेव्हापासून सर कन्सोलवर बसले की आमच्या सुर्वे सिस्टर ओरडतात, "मालक खुर्चीत बसले हो!"

*

आता ते हिरवं प्रकरण. आतडं कापून दोन टोकं जोडायच्या आधी मी शिरेतून एक औषध सोडते. रोबोचा खास कॅमेरा लावला की जिथे रक्त पोचतंय तिथे आतडं स्क्रीनवर हिरवं चमकतं. नाही पोचत, तिथे काळोख. काळोखात टाका घालायचा नाही, एवढं साधं आहे.

औषधात आयोडीन असतं, म्हणून ॲलर्जी विचारावी लागते. त्याचा मासळीशी काही संबंध नाही हे मी सुर्वे सिस्टरना शंभरदा सांगितलंय. पण त्या त्यांच्याच पद्धतीने विचारणार! "चाचा, कोळंबी, कुर्ल्या खाल्ल्या की अंगावर पित्त उठतं?"

चाचा मिरकरवाड्याचे, सगळा जन्म होडीवर गेलेला. ताडकन उठून बसले.

"उठतं ना! नाय मिळाल्या की!"

*

रोबो आला त्या दिवशी सिस्टरनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या परदेशी लेकराला सांभाळ! मधेच लाइट जाऊ देऊ नको, सरांच्या हाताला यश दे!"

आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!"

कंपनीचा इंजिनियर चेन्नईचा. त्याला अक्षर कळलं नसणार, पण हात जोडून आमच्या रांगेत उभा. नंतर हळूच मला इंग्रजीत विचारतो, "मॅडम, हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं. केव्हा केव्हा करायचं?"

मी थापच मारली, "दर सर्व्हिसिंगला."

पुढच्या सर्व्हिसिंगला पठ्ठ्या चेन्नईहून नारळ घेऊन आला!

*

वनिताकाकू गणपतीपुळ्याच्या. घरगुती खानावळ, उकडीच्या मोदकांना माणसं खोळंबून बसतात. गाठ मोठ्या आतड्याच्या खालच्या बाजूला होती. सरांनी स्पष्ट सांगितलेलं, गाठ काढून टोकं जोडू, पण रक्त नीट पोचलं नाही तर पोटावर शौचाची पिशवी लावावी लागेल.

भूल द्यायच्या आधी काकूंनी माझा हात घट्ट धरला. "बाय, पिशवी लागली तर माझ्या हातचा मोदक कोन खाईल गो?"

मी दुसऱ्या हाताने भुलीचा मास्क त्यांच्या तोंडाशी नेला.

गाठ निघाली. जोडायचं टोक नुसत्या डोळ्यांना छान गुलाबी दिसत होतं. मी औषध सोडलं, कॅमेरा लागला, आणि तेच टोक काळंकुट्ट! सर एवढंच म्हणाले, "अजून वर जाऊ." चार बोटं आणखी कापलं. परत औषध सोडलं. सिस्टर देवाचं नाव पुटपुटत होत्या. आणि मग हिरवंगार झालं हो!

मास्कच्या आत मी रडले, खरं सांगते. ज्याने कोणी हा कॅमेरा शोधला त्याचा पत्ता द्या, जन्मभर हापूसची पेटी पाठवीन! तो नसता तर आम्ही त्या गुलाबी रंगावर विश्वास ठेवून बसलो असतो.

*

पण जोड चालायला लागला हे कळणार कसं? वारा सुटला की! तोवर काकूंना फक्त पाण्याचे घोट. रोज राउंडला सर विचारायचे, "काकू, गॅस पास झाला?" काकू चादर तोंडाशी नेऊन मान हलवायच्या. नाही.

सरांचा चेहरा उतरत चालला. शेवटी म्हणाले, "आज स्कॅन करू. जोड गळत असेल तर परत उघडावं लागेल, मग पिशवी टळत नाही."

उशाशी जावई. काकूंची मुलगी बाळंतीण, म्हणून मुंबईहून रजा टाकून हाच सासूची सेवा करत होता. पोरगा रडवेला झाला. "आई, खरंच नाही?"

"नाही हो, जावईबापू."

तेवढ्यात शेजारच्या बेडवरच्या आजी कडाडल्या, "डाक्टर, तिचा काय ऐकताव! जावयासमोर बोलेल होय ती? कालपासना नुसते सुतळी बॉम्ब फोडत्येय!"

काकूंनी चादर डोक्यावरून ओढून घेतली. जावई कॉरिडॉरमध्ये पळाला. खेर सर मटकन स्टुलावर बसले आणि त्या चादरीला हात जोडून म्हणाले, "थँक यू, काकू!"