मेव्हण्याच्या शिडाची खोळ

विष्णुपुरीच्या जलाशयावर शिडाची होडी आधी माझी आली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो तेव्हा गोव्याहून जुनी बारा फुटी होडी ट्रकवर घालून आणली होती. नांदेडात लोक हसले, पण बायको हसली नाही. पहिली दोन वर्षं ती दर रविवारी माझ्याबरोबर पाण्यावर यायची.

मग तिचा धाकटा भाऊ होडी चालवायला शिकायला आला. त्याचं लातूरला कापडाचं दुकान. वारा कुठून धरायचा, शीड कधी सैल सोडायचं, सगळं मीच शिकवलं. वर्षभरात त्यानं नवी होडी घेतली आणि काठावर माझ्या होडीशेजारीच लावली.

होडीचं मला फार वाटलं नाही. खरी आग लागली ती खोळीवरून.

शीड उतरवलं की आडव्या दांड्यावर गुंडाळून झाकावं लागतं, नाहीतर ऊन-वारा त्याची चिंधी करतो. माझ्याकडे ट्रकची ताडपत्री होती. अकरा दोऱ्या, अकरा गाठी. सांधेवातानं बोटं वळायची नाहीत, त्यामुळे वीस मिनिटं जायची. त्याची खोळ दांड्यालाच कायमची लावलेली. शीड आपोआप तिच्यात पडायचं, वरून चेन ओढली की झालं.

"दाजी, लई सोपं हाय. तुमच्यासाठी बी शिवून आणू का?" त्यानं विचारलं.

"न्हाई. माझी ताडपत्री बरी हाय."

"बघा, याला किती पटकन सुचलं," बायको म्हणाली. त्या दिवशी ती त्याच्या होडीत बसून गेली होती. मी सातवी गाठ मारत होतो. वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तसली खोळ शोधत गुपचूप मोंढ्यातली ताडपत्रीची दुकानं पालथी घातली. "ट्रॅक्टरची देऊ का थ्रेशरची?" एवढंच सगळीकडे विचारलं गेलं.

मे महिन्यात तो घाईनं लातूरला गेला. संध्याकाळी मी काठावर गेलो, तर त्याच्या खोळीची चेन अर्धी उघडी. एका बोटानं लागली असती. मी तिथं उभा राहिलो, आणि न लावता घरी आलो. पुढचे पंधरा दिवस रोज गेलो, रोज पाहिलं. वावटळीत शिडाचा मोकळा भाग फडफडून दांड्यावर आपटायचा.

तो आला तेव्हा शीड हातभर फाटलेलं होतं. "माझ्याकडनंच उघडी राहिली वाटतं," तो म्हणाला.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तर रोज जाता तिथं."

"लक्ष गेलं नाही," मी म्हणालो.

दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी बस धरून लातूर गाठलं आणि दुकानाच्या गादीवर बसून त्याला खरं सांगितलं. तो बराच वेळ कापडाची घडी करत राहिला.

"का दाजी?"

"तुझी खोळ चांगली होती म्हणून."

तो हसला नाही. "फोन तरी करायचा," म्हणाला. मग चप्पल घालून मला गल्लीतल्या शिलाईवाल्याकडे घेऊन गेला, दुकानात आणून ठेवलेलं स्वतःचं फाटकं शीडही सोबत घेतलं.

शिलाईवाल्यानं आधी माझे हात बघितले. "चेनीचं टोक धरता येईना तुम्हाला. वेल्क्रोची चिकटपट्टी धुळीनं मरती." त्यानं दप्तराला असतात तसली मोठी बक्कलं काढली आणि माझ्या हातात दिली. अंगठ्यानं दाबलं, खट् लागलं. चारच बसवायची ठरली. कापड मेव्हण्यानं निवडलं, निळं.

आता माझी खोळ तीन मिनिटांत लागते, त्याची एका मिनिटात. तो महिनाभर आमच्या घरी जेवायला आला नाही, नंतर यायला लागला. बायको अजून बहुतेक रविवारी त्याच्या होडीत बसते. मी मागून येतो आणि त्यांचं बोलणं पाण्यावरून ऐकू येतं का बघतो.