काटेमुंगीच्या मागं लागलेली माणसं

मुंग्यांच्या मागं फिरणाऱ्या माणसांकडं किस्से भराभर साठतात. कारण साधं आहे. मुंगी बघायला माणूस खाली वाकतो, आणि वाकलेल्या माणसाला मागं कोण उभं आहे ते दिसत नाही. मागचा मात्र सगळं बघतो आणि घरी जाऊन चार जणांना सांगतो!

पडेगावात आमचं चौघांचं मंडळ आहे. मी द्वारका, सगळी कॉलनी मला आत्या म्हणते. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं माझं मी शिकले आणि ते कुणी तपासायला येऊ नये. देशमुख वाळूजच्या एका कंपनीत माल तपासता तपासता रिटायर झाले. अजून समोर येईल ती वस्तू मोजून बघतात. मुजीब सर चित्रकलेचे मास्तर होते. आणि वैशाली कॉलेजात शिकवते, मुंग्यांवर पीएचडी करते. तिला वाटतं मंडळ तिचं आहे. वाटू द्यावं.

आमची मुंगी म्हणजे काटेमुंगी. अंगानं बहुधा काळी, खांद्यावर काटे, कमरेवर काटे, काही जातींत तर मासे धरायच्या गळासारखे वळलेले. शास्त्रातलं नाव पॉलिरॅकिस. मी नातवाच्या मोबाइलवर अर्थ शोधला. अर्थ निघाला, पुष्कळ काटे! म्हणजे मी ठेवलेलंच नाव, फक्त परदेश फिरून आलेलं.

*

दौलताबाद रोडच्या कडेला एका दगडाखाली काटेमुंग्यांचं बीळ सापडलं. देशमुख लगेच पोटावर आडवे. एक डोळा मिटलेला, हातात व्हर्नियर. आम्ही तिघं पुढं गेलो. परत येऊन बघतो तर ही गर्दी!

कुणी म्हणतं फिट आली, कुणी म्हणतं ऊन लागलं. एका रिक्षावाल्यानं पायातली चप्पल काढून थेट देशमुखांच्या नाकाला लावली. देशमुखांनी बिळावरची नजर काढली नाही. नुसतं म्हणाले,

"चप्पल राहू द्या हो, पण सावली पाडू नका!"

सगळे चार पावलं मागं सरले. रिक्षावाला माझ्या कानाशी आला. "मावशे, शुद्धीवर आलेत. पण पुरते नाय."

*

या मुंगीच्या घरांचा काही नेम नाही. एक जात दगडाखाली राहील, दुसरी पोकळ बांबूत, तिसरी झाडाच्या ढोलीत. काही जणी मात्र पानाला पान जोडून त्यात रेशमाचं अस्तर लावतात. असं घरटं पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी वैशालीला विचारलं, "रेशीम आणतात कुठून?"

ती म्हणाली, "आत्या, मोठ्या मुंगीकडं रेशीम नसतं. ते अळीच्या तोंडातून निघतं. मग मोठी मुंगी अळीला जबड्यात धरते आणि या पानावरून त्या पानावर फिरवते."

मुजीब सरांचे आजोबा हिमरूचं कापड विणायला मागावर बसायचे. सर एकदम खूश! "बिल्कुल धोटा! दादा भी ऐसाच फिराते थे. फरक इत्ताच, उनका धोटा भूक लगी बोलके रोता नहीं था."

मी म्हटलं, "म्हणजे लेकरू राबणार आणि नाव आईचं होणार! आपल्याकडं उलटं आहे. राबते आई आणि नंबर येतो पोराचा."

वैशाली घाईघाईनं बॅगेत काहीतरी शोधायला लागली. तिचा मुलगा तिसरीत आहे. त्याचा ज्वालामुखी त्याच आठवड्यात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पहिला आला होता!

*

मुजीब सरांनी काटेमुंगीचं मोठं चित्र काढलं. एक एक काटा असा टोकदार, की हात लावला तर रक्त येईल असं वाटावं. चित्र दिवाणखान्यात लागलं, आणि नेमकी बकरी ईद तोंडावर आली.

सरांच्या नातीनं मैत्रिणी जमवल्या. "ये हमारा बकरा है," तिनं सांगून टाकलं.

एक मैत्रीण चिकित्सक निघाली. "सींगां पीठ पे कैकू हैं इसके?"

नात अडली नाही. "कसाई पकड़ना नै बोलके!"

सरांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा वैशाली म्हणाली, "पोरगी बरोबर बोलली. काटे त्यासाठीच असतात, पक्ष्याला सहजासहजी गिळता येऊ नये म्हणून."

"वो सब ठीक है," सर म्हणाले, "मगर मोहल्ला रोज पूछ रा, बकरा छत पे बांधे क्या!"

*

पानातल्या घरट्याला धक्का लागला की आतल्या मुंग्या पोट पानावर आपटतात. खरखर असा बारीक आवाज येतो. मला येतो. देशमुखांना येईना, आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं. कानात मशीन आहे, तीही जुनी. रोज घरट्याला कान लावायचे आणि तोंड पाडून परत जायचे.

एक दिवस त्यांनी मशीनचा आवाज पुरता मोठा केला, करंजाच्या झाडाला मिठी मारली आणि घरट्याशी कान नेला. जरा वेळानं त्यांचा चेहरा असा उजळला, की मलाही बरं वाटलं.

"ऐकू आलं! आत्या, सगळ्या जणी वाजवतायत!"

त्यांच्या मागं देशमुखवहिनी उभ्या होत्या. गॅस संपला म्हणून त्या गेटपासून हाका मारत आल्या होत्या. वहिनी माझ्याकडं वळल्या.

"बघा आत्या, मुंगीनं पोट बडवलेलं ऐकू येतं. मी जन्मभर कपाळ बडवतेय ते नाय येत!"

*

आता आपट्याचं सांगते. कॉलनीच्या गेटाशी आपट्याचं झाड आहे. आपट्याचं पान मुळातच मधून दुमडल्यासारखं, त्यामुळं मुंगीचं निम्मं काम झालेलंच असतं. तिथं खालच्या फांदीवर मला एक घरटं दिसलं. चार-पाच पानं गच्च शिवलेली, वरून सालीचा चुरा लिंपलेला. आणि मुंगी? तिच्या पोटावर सोनेरी लव! आमच्या भागात अशी आम्ही एकदाही बघितली नव्हती. मी जाहीर केलं, ही वेगळी जात आहे.

वैशाली म्हणाली, "दोन-चार मुंग्या द्या. टाचणीला लावून भिंगाखाली बघते आणि सांगते."

"माझी मुंगी टाचणीला लागणार नाही!"

"मग ती घर कसं वाढवते ते बघावं लागेल. घरट्यावरून बरंच कळतं. पण निदान दिवाळीपर्यंत ते टिकायला हवं."

टिकायला हवं, पण मधे दसरा! दसऱ्याला आपट्याचं झाड कुणी ठेवतं का? सोनं लुटायचं म्हणून आमची कॉलनी त्याचा पार खराटा करते. दर वर्षी मी स्वतः तोडते, मग दुसऱ्याला काय सांगणार?

तरी मी पाटी लिहिली. मोठ्या अक्षरात. "या झाडावर मुंग्या राहतात. पानं तोडू नयेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर झाडाच्या बुडाशी साखरेचे ढीग! कुणी कणीक टाकली, कुणी रवा, एकानं तर बेसनाचा लाडू कुस्करलेला. मुंग्यांना घातलं की पीडा टळते, हे सगळ्यांना पाठ. त्या पाटीचा अर्थ त्यांनी मुंग्यांना घालायची सोय असा घेतला! पडेगावातल्या झाडून सगळ्या मुंग्या आणि मुंगळे जेवायला आले. काटेमुंगी तेवढी दार लावून आत.

चौथ्या नंबरच्या बाई वाटी घेऊन मलाच विचारायला आल्या. "आत्या, आमच्या पिंट्याला साडेसाती लागलीय. यातली कोणती मुंगी चालंल?"

मी म्हटलं, "जी पिंट्याला चावंल ती!"

*

पाटी काढली आणि दसऱ्याला स्वतः पहाऱ्याला बसले. सकाळीच गुलमंडीच्या बाजारातून आपट्याच्या पानांची भरलेली गोणी आणून ठेवली होती. जो येईल त्याच्या हातात जुडी ठेवायची आणि त्याला वाटेला लावायचं. लोक खूश. फुकटचं सोनं, तेही घासून पुसून! संध्याकाळपर्यंत झाडाचं पान हललं नाही.

मग दिवे लागायच्या वेळी मी चहाला घरी गेले. पहाऱ्यावर मुजीब सर. सरांचा शब्द फार गोड, आणि तिथंच घात झाला.

आमच्या कॉलनीचे चेअरमन भुसारे सोनं तोडायला आले. गोणीतलं नको म्हणाले, झाडावरचं ताजं हवं. सर अदबीनं म्हणाले, "बिल्कुल लेव साहब. बस ये एक डाली छोड़ देव, बाकी पूरा झाड़ आपका."

भुसारे चेअरमन झाले ते काही उगीच नाही. जे राखून ठेवलंय तेच उत्तम असणार, हे त्यांना लगेच कळलं. त्यांनी तीच फांदी कडाककन मोडली! सर पुन्हा नको म्हणू शकले नाहीत. चेअरमनला दोनदा कसं अडवायचं?

आणि भुसारे ती फांदी घेऊन थेट माझ्या दारात. पांढराशुभ्र कुर्ता, खांद्यावर उपरणं.

"आत्या, कॉलनीत तुम्ही सगळ्यांत वडील. तुमच्यासाठी खास जाड सोनं निवडलं. सोनं घ्या, सोन्यासारखं..."

पुढचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला. घरट्याच्या तोंडातून एक एक सोनेरी मुंगी बाहेर पडत होती. त्यांच्या बोटांवरून मनगटावर, मनगटावरून बाहीवर.

"आत्या," भुसारे बारीक आवाजात म्हणाले, "सोनं चालतंय!"

"चालू दे. तू हलू नको."

"चावतंय ओ!"

"चावू दे! भुसारे, झटकशील तर याद राख. हात असाच पुढं धर आणि माझ्या मागं ये. चल झाडाकडं."

आमची वरात निघाली. पुढं मी, मागं हात लांब धरून एक एक पाऊल टाकणारे चेअरमन, त्यांच्या मागं "माफ़ करना आत्या, माफ़ करना" म्हणत मुजीब सर. देशमुख आणि वैशाली वाटेत येऊन मिळाले. चेअरमन इतके गंभीर आणि मागून सरांचं ते पुटपुटणं, की लोकांना वाटलं यंदा काहीतरी नवीन ठरलंय. ते मागं चालायला लागले. दारोदार बायका सीमोल्लंघनाहून येणाऱ्यांसाठी तबकं घेऊन उभ्या होत्याच. त्यांनी चेअरमनला ओवाळलं, फांदीला ओवाळलं, वर हळदकुंकू वाहिलं. कुणीतरी ताशा काढला. भुसारेंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. चावून मुंगी आंबट फवारा सोडते, त्याचा तो प्रताप. पण बायकांना वाटलं, मन भरून आलं.

झाडाखाली पोचलो. मी भुसारेंचं उपरणं ओढून घेतलं, मोडलेली फांदी मूळ फांदीला टेकवली आणि करकचून बांधली.

देशमुख म्हणाले, "आधीच्या जागेपेक्षा चार बोटं खाली आलंय..."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते मागं सरले.

सगळी कॉलनी गोल उभी. वैशालीनं मोबाइलचा दिवा धरला. बराच वेळ काहीच हललं नाही. मग एक मुंगी उपरण्यावरून वरच्या फांदीवर गेली, तिथल्या पानाला मिशा लावून बघितल्या आणि परत घरट्यात शिरली. बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात एक पांढरी अळी होती. अळीचं तोंड तिनं इकडच्या पानाला टेकवलं, मग तिकडच्या. मग पुन्हा इकडच्या.

वैशालीनं माझा दंड घट्ट धरला. "आत्या, शिवतायत!"

तेवढ्यात गर्दीतून शेजारच्या कॉलनीतले एक गृहस्थ पुढं आले. उपरण्यात बांधलेली फांदी, तिच्यावरचं हळदकुंकू, सगळं त्यांनी नीट बघून घेतलं.

"काय ओ चेअरमन, तुमच्याकडं सोनं झाडाला परत बांधायची पद्धत हाय का?"

भुसारेंनी सुजलेला हात पाठीमागं नेला आणि मान ताठ केली.

"व्हय. लई जुनी. तुमच्याकडं नाय?"