महिनाभराची कादंबरी

घाटनांदूरच्या वाचनालयात जे गृहस्थ बसतात, त्यांची माझी ओळख पुस्तक बदलण्यापुरतीच. बोलायला लागले की ते आधी ‘कसंय सर’ म्हणतात, आणि पुस्तक देण्याआधी एकदा हुंगतात.

गेल्या वर्षी मोबाइलवर कुठंतरी वाचून त्यांनी महिन्याभरात कादंबरी लिहायचं आव्हान घेतलं. रोज पाच पानं लिहायची, मागं वळून दुरुस्ती करायची नाही. बारा दिवस ते खुशीत होते. तेराव्या दिवशी म्हणाले, “कसंय सर, कादंबरीतल्या बाईला घराबाहेर काढलं, आता ती कुठं जाईल तेच सुचंना. लई अवघड काम हाय.”

पुढे त्यांची दाढी वाढली, बोलणं कमी झालं. तरी अखेरच्या दिवशी त्यांनी कादंबरी संपवली.

“जमली का?” मी विचारलं.

“न्हाई. शेवट तर साफ फसला. पन पुरी केली.”

त्यांनी ती कुणाला दाखवली नाही. मीही मागितली नाही.

पुढच्या आठवड्यात गेलो, तर ते कादंबऱ्यांच्या कपाटापुढे स्टुलावर बसून एका पुस्तकाचं शेवटचं पान खोडरबरानं पुसत होते. मी वाकून पाहिलं. तिथं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘लेखक शेवटी दमला.’

“हे तुम्ही लिहिलेलं?”

“वीस वर्सं झाली, सर. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर लिवलंय.” त्यांनी पानावर फुंकर मारली. “दमतोच की हो मानूस. आमाला काय ठाऊक होतं?”

मग त्यांनी पुढचं पुस्तक ओढलं. कपाटाचे अजून चार खण बाकी होते.