पैलवान सिस्टरचे तीन महिने

हाडांच्या वॉर्डात तिला सगळे पैलवान म्हणायचे. मांडीचं हाड मोडलेला आडदांड गडी ती एकटी कुशीवर वळवायची, आणि त्यानं कण्हायला तोंड उघडेपर्यंत खालची चादर बदलूनही झालेली असायची. अशी बारा वर्षं गेली. मग एकदा माणसं कमी पडली म्हणून तिला आठवडाभर वरच्या मजल्यावर पाठवलं, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अतिदक्षता विभागात. तिथं काचेच्या पेटीत वितीहून थोडं मोठं एक मूल श्वास घेत होतं. श्वास तरी कसला, वाऱ्यानं पाण्यावर सुरकुती उठावी तशी छातीवरची कातडी हलत होती. आठवडा संपल्यावर ती खाली आली, पण मनानं वरच राहिली.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या.

"माणसं उचलून कंटाळलीस, म्हणून आता पिल्लं उचलणार?"

"उचलायचं नाहीच आई तिथं. बघत राहायचं असतं."

"नुसतं बघायची नोकरी? मग मलाही दे की चिकटवून."

सहा महिने ती ड्युटी सांभाळून शिकली. परीक्षा दिली. मग तीन महिन्यांची उमेदवारी. विभागाच्या प्रमुख सिस्टर, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "टिकलीस तर इथली. नाही टिकलीस तर खाली तुझी जागा आहेच."

पहिल्याच महिन्यात तिचा हात चुकला. एका बाळाचा आकडा खाली आला. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगणारा मॉनिटरवरचा आकडा. खालच्या वॉर्डात म्हाताऱ्याला धाप लागली की ऑक्सिजनचा नॉब फिरवायचा, आकडा वर गेला की निर्धास्त व्हायचं. तिनं तेच केलं. आकडा शंभरावर गेला. ती समाधानानं नोंदी लिहायला वळली, आणि मागून आलेल्या हातानं नॉब मागे फिरवला.

"इथं शंभर म्हणजे पैकीच्या पैकी मार्क नव्हेत," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. त्यांचं हळू बोलणं ओरडण्याहून जड असे. "या लेकराचे डोळे अजून घडतायत. नको तेवढा ऑक्सिजन ते कायमचे बिघडवू शकतो. आधी बाळ बघायचं, मग नॉब. पुन्हा तुझा हात असा धावला, तर मी तुला खाली पाठवीन."

त्यानंतर ती पेटीपाशी उभी राहिली की हात पाठीमागे बांधायची. विभागातल्या, तिच्याहून बऱ्याच लहान सिस्टर पोरी हसायच्या. "ताई, शाळेत उभं केलंय का?" तीही हसायची. हात मात्र सोडायची नाही.

तिसऱ्या महिन्याचा शेवटचा आठवडा. भर दुपार. तिच्याकडे नऊशे ग्रॅमचं एक बाळ होतं. त्याच्या नाकात दोन बारीक नळ्या होत्या, त्यांतून हवा दाबानं आत जायची, आणि पलीकडच्या पाण्याच्या बाटलीत सतत गुडगुडत बुडबुडे उठायचे. बाळाची आई खुर्चीत बसली होती. मोठ्या बाई समोरच्या पेटीत एका बाळाच्या शिरेत सुई घालत होत्या. त्यांना मान वळवता येत नव्हती.

आकडा अठ्ठ्याऐंशी झाला. मग चौऱ्याऐंशी. मॉनिटर वाजायला लागला.

"सिस्टर," आई उठली. "वाढवा ना ते. कालच्या सिस्टरनं लगेच वाढवलं होतं."

एकोणऐंशी. बाळाच्या ओठांवर निळी छटा आली. तिचा हात नॉबवर गेला, बोटांनी तो धरलासुद्धा.

"काय बघताय नुसतं?"

बाळाची छाती खोल आत ओढली जात होती. म्हणजे श्वास चालू होता, जोर लावून चालू होता. मग हवा जातेय कुठं? आणि तिच्या कानाला काहीतरी कमी लागलं. बाटली गप्प होती. तिनं नॉब सोडला, पेटीची खिडकी उघडली, बाळाच्या नाकाशी वाकली. एक नळी बाहेर सरकली होती, तिळाएवढीच. ज्या हातांनी तिनं आडदांड गडी कुशीवर वळवले होते, त्यांच्या दोन बोटांनी तिनं ती नळी जागेवर बसवली, आणि हवा तोंडावाटे निसटू नये म्हणून हनुवटीला खालून आधार देत त्याचं तोंड अलगद मिटून धरलं.

बाटलीत एक बुडबुडा उठला. मग चार. आकडा मात्र तिथंच. ती मनात मोजत राहिली. बाराला एक्क्याऐंशी. विसाला शहाऐंशी. मग एक्क्याण्णव, आणि मॉनिटर वाजायचा थांबला.

मोठ्या बाई हातमोजे काढत आल्या. "किती वाढवलास?"

"नाही वाढवला. नळी सुटली होती." जरा थांबून ती म्हणाली, "पण हात गेला होता, बाई. नॉब धरला होता मी."

मोठ्या बाईंनी वाकून नळी तपासली आणि त्या गेल्या.

तासाभरानं ती बेसिनपाशी हात धूत होती. दारापलीकडून बाळाच्या आईचा आवाज आला. "मला दुसरी सिस्टर द्या. हिनं माझं लेकरू निळं पडेपर्यंत वाट बघितली."

"सुटलेल्या नळीवर ऑक्सिजन वाढवला असता," मोठ्या बाई म्हणाल्या, "तर कदाचित आकडा चढला असता आणि बाळ आतल्या आत दमत राहिलं असतं. कालही कोणी बघितली का नळी, ते विचारते आहे मी. पुढच्या महिन्याच्या ड्युटीच्या यादीत तुमच्या बाळासमोर मी हिचंच नाव लिहिलंय."

नळ वाहतच राहिला. मग तिनं तो बंद केला, हात कोरडे केले, आत गेली. आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती पेटीच्या पलीकडे हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

शेवटी आईच म्हणाली, "सुटली हे कळतं कसं?"

"डोळे मिटा," ती म्हणाली, "आणि बाटली ऐका."

आईनं खुर्ची बाटलीजवळ ओढली.