मामांनी पारखलेला गिअरबॉक्स

खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं बनवणारा वेल्डर होता तो. हात सफाईचा, स्वभाव मऊ. शहराबाहेरच्या बंद दगडखाणीत काही हौशी मंडळी सुटीच्या दिवशी उंच चाकांच्या गाड्या आणायची आणि जिथे माणसालाही हात टेकत चढावं लागेल, अशा दगडांवरून त्या गोगलगायीच्या चालीनं चढवायची. एकदा फाटक बसवायला त्या बाजूला गेला असताना त्यानं ते पाहिलं आणि घरी येऊन बायकोला सांगून टाकलं, "अशी एक गाडी मी बनवणार."

बायको प्रसूतिगृहात नर्स. कळा देणाऱ्या बायकांचं वाट्टेल ते ऐकून घ्यायची सवय असल्यामुळे तिनं हेही शांतपणे ऐकून घेतलं. "बनवा. पण माझ्या स्कूटरला हात लावायचा नाही."

मग घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सामान जमायला लागलं. अपघातात चेपलेल्या जीपची चासी आली, दुधाच्या टेम्पोचं स्टीअरिंग आलं, तेल गळणारे दोन अॅक्सल आले. मोडीत निघालेल्या रुग्णवाहिकेची सीट तर बायकोनंच मिळवून दिली. "हिच्यावर बसून कितीतरी जणी ओरडल्यात," ती म्हणाली, "आता तुम्ही ओरडा."

या सगळ्याकडे घरातला एक माणूस नाक मुरडून बघत होता, तो म्हणजे सासरा. उभा जन्म ट्रक चालवण्यात गेलेला. खुब्याचं ऑपरेशन झालं, त्याच सुमारास सासूबाई गेल्या आणि लेक त्याला आपल्या घरी घेऊन आली. तेव्हापासून म्हातारा मागच्या दारात खुर्ची टाकून बसायचा, पण उंबरठा ओलांडायचं नाव नाही. लेक "बाबा, थोडं चाला" म्हणून कानीकपाळी ओरडायची, तर तो डोळे मिटून घ्यायचा. जावई त्याला मामा म्हणायचा, पण त्याचं जावयाशी बोलणं बेतास बात, तेही मानपान सांभाळून. "जावईबापू, ठोकाठोक जरा हळू करा."

गाडीला आता ट्रान्सफर केस हवी होती. मुख्य गिअरबॉक्सला जोडायचा हा धाकटा गिअरबॉक्स. इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना तोच वाटून देतो, आणि त्याच्याशिवाय गाडी दगडावर मुंगीच्या पावलानं चढू शकत नाही. भंगारवाल्याकडे अशा दोन आल्याचा निरोप मिळाला. जावई निघाला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांबा. गिअरातलं तुम्हाला काय कळतंय? तुम्ही खिडक्यावाले."

आणि म्हातारा बूट घालायला लागला! बायको औषधाची बाटली हातात तशीच धरून बघत राहिली.

भंगाराच्या आवारात मामांना जणू माहेर भेटलं. काठी टेकत ते गंजलेल्या इंजिनांमधून हिंडले, भंगारवाल्याशी तावातावानं भांडले आणि भांडता भांडता त्याच्याकडून चहाही उकळला. मग एका गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवून त्याला कान लावला. "लोणी आहे, लोणी! हाच घ्यायचा."

जावयानं शाफ्ट फिरवला. बोटांना खरखर लागली. आतलं बेअरिंग गेलं होतं, गिअरचे दातही झिजले असावेत. शेजारचा दुसरा चांगला होता. त्यानं मान वर करून पाहिलं, तर मामांच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. "हाच घेऊ," तो म्हणाला.

गुपचूप उघडून दुरुस्त करता येईल, असा त्याचा बेत. पण मामा अंघोळीला गेलेत असं समजून त्यानं तो उघडला आणि दारात मामाच उभे. बाकावर फुटलेलं बेअरिंग आणि बोथट दातांचा गिअर.

"घेताना कळलं होतं?"

जावई पान्याशी चाळा करत राहिला.

"कळलं होतं की नाही?"

"कळलं होतं, मामा."

"मग बोलला का नाहीस? मी काय कुक्कुलं बाळ आहे, खुळखुळा देऊन रमवायला?"

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मामांनी त्याला अरेतुरे केलं होतं. ते आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायलाही उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बायको कामावरून आली, तर खुर्ची रिकामी, अंथरूण रिकामं, फोन उशीखाली. तिचं धाबं दणाणलं. दोघं दोन दिशांना शोधायला निघणार, इतक्यात फाटकासमोर एक टेम्पो थांबला. चालकाच्या शेजारी मामा, मागे पोत्यावर एक गिअरबॉक्स. ट्रकवरच्या दिवसांतल्या जोडीदाराला गाठून, त्याच्या बंद गॅरेजमधून त्यांनी तो उचलून आणला होता.

"बाबा, सांगून जायचं की नाही!" लेक रडवेली झाली.

"चाला चाला तूच म्हणत होतीस ना? चाललो." मग जावयाकडे वळून म्हणाले, "फिरवून बघ. तूच बघ. माझे कान गेलेत. इंजिनाशेजारी बसून बसून."

त्यानं सावकाश शाफ्ट फिरवला. "चांगला आहे, मामा."

"खोटं बोलत असशील तर लेकीला सांगेन."

"खरंच चांगला आहे."

गाडी खाणीत पोचली तेव्हा तिच्यावर रंगसुद्धा नव्हता. पहिला दगड ती हसत हसत चढली. दुसऱ्यावर एक चाक अधांतरी लटकलं.

"डावीकडे घे! अरे, डावीकडे! गॅस सोड!" मामा खालून ओरडत होते. काठी कुठे पडली होती त्यांचं त्यांना ठाऊक नव्हतं. गाडी कण्हली, कलली आणि पलीकडे जाऊन उभी राहिली. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच क्षणी रेडिएटरचा पाइप सुटला आणि सगळी गाडी वाफेत गडप झाली. सगळ्यात मोठ्यानं हसले ते मामाच.

गाडी दोरानं ओढून न्यावी लागली. पुढे जाळ्या-फाटकं पोचवायचा टेम्पो जावई चालवत होता. मागच्या गाडीत स्टीअरिंगवर मामा बसले, कुणाला विचारलंही नाही. आरशात तो अधूनमधून बघायचा. म्हातारा कोपर बाहेर काढून ऐटीत बसला होता आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना हात हलवून पुढे जा, पुढे जा म्हणत होता.